दाण्यांतलं मीठ कुणी चोरलं?

१

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. साडेबाराला घरी आले, दप्तर सोफ्यावर भिरकावलं, काबुली चण्यांचा डबा फोडून चाळणीत उपडा केला, नळ सोडला, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला. शनिवारचं बाबांचं जेवण हे माझं खातं आहे. ते मी कानाला फोन लावूनही सांभाळते.

"भोंग्या, घरी कोण आहे?"

हे नाव मावशीनंच ठेवलंय. महिन्यापूर्वी मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, त्या दिवशी. त्याआधी हजेरीला नुसतं 'हजर' म्हणतानासुद्धा माझी मान खाली असायची. आता बाई म्हणतात, हिला बसवायचं कसं ते सांगा.

"मी एकटीच. का गं? आवाज असा काय येतोय तुझा?"

"आईला सांग, मला आज उशीर होईल. सात नंबरच्या खाटेवरचे ड्रायव्हरकाका सकाळी आयसीयूत गेले." ती थांबली. मग इतक्या हळू बोलली, की मला फोन कानात घुसवावा लागला. "माझ्या तक्त्यामुळे गेले, असं सगळे म्हणतायत. मी पैसे खाल्ले, असंही."

मावशी आणि पैसे? ती रिक्षावाल्याचा एक रुपया राहिला तर दुसऱ्या दिवशी शोधून नेऊन देते!

मी चपला पायात सरकवल्या आणि होते तशी निघाले.

२

मावशी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. कुठल्या पेशंटनं काय खायचं ते ती ठरवते. इथलं स्वयंपाकघर अडीचशे जणांचं, त्यामुळे भाज्या आणि दाणे बरेचदा डबाबंदच येतात. दोन आठवड्यांपूर्वी तिनं एक तक्ता केला होता. एका बाजूला डब्यातल्या भाज्या, म्हणजे मटार, गाजर, मका. दुसऱ्या बाजूला डब्यातले दाणे, म्हणजे राजमा, काबुली चणे, पांढरा घेवडा. प्रत्येकात प्रथिनं किती, तंतू किती, लोह किती, मीठ किती, सगळं रुग्णालयाच्याच प्रयोगशाळेत मोजून घेतलं होतं.

आणि दाणे जिंकले होते! प्रथिनं भाज्यांच्या दुप्पट, तंतू जास्त, आणि मीठ चक्क भाज्यांपेक्षा कमी. मावशी इतकी खूश झाली होती, की तिनं हृदयविकाराच्या बारा पेशंटना रोज दाण्यांचं सूप सुरू केलं. सात नंबरचे ड्रायव्हरकाका त्यातलेच एक. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस, आमच्या शाळेचीसुद्धा. मला गेल्या बुधवारी म्हणाले होते, "तू ती खिडकीपाशी गप्प बसणारी ना? आता तोंड उघडलंस म्हणे!"

चार दिवस सूप प्यायले. पाचव्या दिवशी पाय सुजून खांबासारखे झाले, श्वास लागला. हृदय कमजोर असलं की अंगात मीठ गेलं तर पाणी साचतं, मावशीनंच मला सांगितलं होतं.

मी तिच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा मोठे साहेब, म्हणजे रुग्णालयाचे प्रशासक, दारात उभे होते.

"आज सकाळी राजम्याचा नवा डबा उघडून तपासला, बाई. शंभर ग्रॅममागे तीनशे बारा मिलिग्रॅम सोडियम. तुमच्या तक्त्यात एकशे ऐंशी! डब्याच्या लेबलवरही तीनशे दहा छापलंय. म्हणजे लेबल खरं, डबा खरा, फक्त तुमचा तक्ता खोटा." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. त्यावर राजम्याच्या कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं. "आणि हे घड्याळ कुणी दिलं, ते मी विचारत नाही. पाच वाजता माझ्या खोलीत या. समाधानकारक खुलासा नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

मावशीनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"साहेब, पाचपर्यंत मी शोधून काढते!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"भाची," मावशी म्हणाली. "भोंगा."

३

चार संशयित, तीन तास. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. स्वयंपाकघरातल्या मुख्य आचारीणकाकू. प्रयोगशाळेतले दशांशकाका. राजम्याचे डबे पुरवणारा एजंट. आणि मावशी. (तिचं नाव लिहून लगेच खोडलं.) नमुने तयार झाले त्या शनिवारी मी स्वतः प्रयोगशाळेत होते. मावशीला सारखे वॉर्डातून फोन येत होते, म्हणून डबे मीच फोडले होते, निथळले होते, बरण्यांत भरले होते. म्हणजे तिथपर्यंत काही गडबड नव्हतीच. त्यापुढे मी बरोबरची खूण केली.

आचारीणकाकू डावानं टेबलाला ठोके देत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गॅसवर रिकामं पातेलं.

"काकू, सुपात मीठ तुम्ही घातलंत ना?"

"हे बघ, तोंड सांभाळून! वरून एक चिमूट घातलं असेल तर हात झडतील माझे. बाईंनी सांगितलं, मीठ नको. नाही घातलं. आणि खरं सांगू? गरजच पडली नाही. चव अशी मस्त यायची, की पेशंट वाटी चाटायचे."

"मीठ न घालता?"

"दाण्यांच्या डब्यातलं ते दाट पाणी असतं ना, ते फेकायचं नाही. त्यानंच सुपाला अंग येतं. तीस वर्षं रांधतेय मी. आणि बाईंचा तक्ता म्हणतच होता की दाण्यात मीठ कमी, मग पाणी फेकायचं कशाला?" डाव थांबला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पोरी, ड्रायव्हर मला दोनदा सूप मागायचा. मीच वाढायची गं दुसरी वाटी."

मला त्यांना संशयितच ठेवायचं होतं. पण त्या पदरानं डोळे पुसायला लागल्यावर माझ्यानं नाही ठेववलं.

४

दशांश हे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. खरं नाव कुणालाच आठवत नाही. ते वेळसुद्धा दशांशात सांगतात.

"दोन पूर्णांक पाच मिनिटं देतो. विचार."

"तुमचं यंत्र बिघडलंय का?"

त्यांना जणू मी कानफटीत मारली. "यंत्र? माझं? अगं, त्या दिवशीच्या बरण्यांतले उरलेले नमुने मी फ्रीजरमध्ये ठेवले होते. आज पुन्हा तपासले. राजमा, एकशे ऐंशी पूर्णांक चार. तेव्हाही तेच, आताही तेच. नव्या डब्यातला राजमा, तीनशे बारा. यंत्र खरं बोलतंय. बरणीतले दाणेच वेगळे आहेत!"

दाणेच वेगळे! म्हणजे कुणीतरी बरण्या बदलल्या होत्या!

"बरण्यांना हात कुणाकुणाचा लागला?"

"तुम्ही दोघींनी आणून दिल्या, मी सील लावलं. सील आजपर्यंत शाबूत. मी काय म्हणतो, उगाच कुणावर घेऊ नकोस. नमुने इतके सुंदर होते! मटार-गाजरं जरा चिकट होती, पण दाणे? आरशासारखे स्वच्छ. एक एक दाणा चमकत होता. मी बाईंना म्हणालोही, नमुना असा हवा."

मला मनातून बरं वाटलं. माझ्या कामाचं कौतुक होत होतं, अशा दिवशीसुद्धा!

"ही पूर्ण आकड्यांची प्रत ने," ते म्हणाले. "आणि एक सांगतो. आजवर एवढ्या वर्षांत तुझ्या मावशीनं मला एकही आकडा बदलायला सांगितलेला नाही. शून्य पूर्णांक शून्य वेळा."

५

एजंट मला जिन्यात सापडला. त्याचे बूट इतके चकचकीत होते, की त्यात मला माझाच लालबुंद चेहरा दिसला.

"घड्याळ? ताई, घड्याळ मी सगळ्यांनाच देतो! रक्तपेढीत आहे, पार्किंगच्या चौकीत आहे, तुमच्या साहेबांच्या स्वतःच्या घरी आहे. आणि ते कायम पाच मिनिटं मागे असतं. असली लाच कुणी देतं का?"

"पण तुमच्या राजम्याचं मीठ तक्त्यात कमी निघालं. फायदा तुमचाच."

"कसला फायदा? चण्यांचंही कमी निघालं, घेवड्याचंही. त्या दोन कंपन्या माझ्या वैरी आहेत! बाईंना मी फितवलं असतं, तर त्यांचं कशाला कमी करून घेतलं असतं?"

मी जिन्याच्या पायरीवरच बसले आणि दशांशांची प्रत मांडीवर पसरली.

तो खरं बोलत होता. राजमा तीनशे दहाचा एकशे ऐंशी. चणे दोनशे ऐंशीचे एकशे पासष्ट. घेवडा तीनशे चाळीसचा एकशे पंच्याण्णव. तीन कंपन्या, तीन वेगळे डबे, आणि तिन्हींतून जवळपास सारखाच वाटा गायब. भाज्या मात्र लेबलाला चिकटून. मटार दोनशे पन्नासचे दोनशे अठ्ठेचाळीस. म्हणजे चोरानं कंपनी बघितली नव्हती. त्यानं फक्त दाणे बघितले होते.

मग मी दुसरे रकाने वाचले आणि उभीच राहिले. प्रथिनं लेबलाइतकीच. तंतू तेवढेच. लोह जवळपास तेवढंच. मीठ गेलेलं, पोटॅशियम गेलेलं, पाण्यात विरघळणारं ते एक जीवनसत्त्व गेलेलं.

दाण्याच्या आत जे घट्ट बसतं ते सगळं जागेवर. पाण्यात जे विरघळतं, तेवढंच पसार!

बरण्या बदललेल्या नव्हत्या. आकडे बदललेले नव्हते. चोर पाणी होतं. कुणीतरी ते दाणे बरणीत भरण्याआधी नळाखाली धुतले होते. म्हणून आरशासारखे चमकत होते! आणि मग स्वयंपाकघरात तेच दाणे न धुता, वर डब्यातल्या खारट पाण्यासकट पेशंटच्या वाटीत गेले. तक्ता धुतलेल्या दाण्यांचा, सूप न धुतलेल्या दाण्यांचं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मी जिन्यातच एक उडी मारली. एजंट दचकून दोन पायऱ्या खाली गेला.

"फक्त धुतले कुणी तेवढं शोधायचं!" मी ओरडले, आणि धावले.

६

प्रत्येक नमुन्यासोबत एक पत्रक असतं. त्यात शेवटचा रकाना, 'नमुना तयार करणारी व्यक्ती'. मी दशांशांच्या कपाटातून फाईल ओढली.

सहाही पत्रकांवर एकच सही. मावशीची.

पण मावशी तर वॉर्डात होती! डबे फोडले होते... मग माझ्या लक्षात आलं, मी बाहेरची, शाळेतली मुलगी. माझी सही तिथे चालली नसती, म्हणून तिनं स्वतःची केली. ठीक आहे. पण मग तिनं परत येऊन दाणे धुतले का? कधी? मी तर शेवटपर्यंत तिथे होते. मी सगळं आठवून बघितलं. मटार फोडले, निथळले, बरणीत. गाजरं फोडली, निथळली, बरणीत. मका तसाच. मग राजमा फोडला आणि...

आणि पुढचं काही आठवेचना. थेट भरलेली बरणीच डोळ्यांपुढे येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"अगं, कुठे उधळलीस तू? मी आत्ता घरी येतोय तर नळ धो धो चालू! चाळणीतल्या चण्यांना साडेतीन तास आंघोळ! एवढं काय माझं बीपी मनावर घेतेस गं, दर वेळी दोनदा धुतेस तेवढं पुरे की!"

ते हसत होते.

दर वेळी दोनदा. गेली चार वर्षं. मटार-गाजराचं पाणी आम्ही सुपात घेतो, ते नुसतं निथळायचं. दाण्यांचं चिकट पाणी मात्र बाबांना चालत नाही. डबा फोडायचा, चाळणीत ओतायचा, नळ सोडायचा. हे हात करतात. डोक्याला कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणूनच आठवत नव्हतं.

प्रयोगशाळेतही नळ होता. चाळणीही होती.

वहीच्या मागच्या पानावर चार संशयित होते. पाचव्याचं नाव वहीच्या पुढच्या पानावर छापील चौकटीत होतं, इयत्ता आणि तुकडीसकट.

७

मावशी केबिनमध्ये टेबलाचे खण रिकामे करत होती. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं, म्हणजे पावणेपाच.

"मावशी," मी दारातूनच म्हणाले. "दाणे मी धुतले."

तिनं वर पाहिलं. ती दचकली नाही. आणि तिनं न दचकणं हाच माझ्यासाठी त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का होता.

"तुला माहीत होतं?"

"दोन वाजता कळलं. नवा डबा स्वतः उघडला, ते चिकट पाणी बोटांना लागलं. मग तुमचं घर आठवलं, तुझी चाळणी आठवली."

"मग बोलली का नाहीस? मला बोलली नाहीस ते सोड, साहेबांना का नाही सांगितलंस? ते म्हणतायत तू पैसे खाल्लेस!"

"सही माझी आहे, भोंग्या. नुसतं निथळायचं, धुवायचं नाही, हे तुला सांगायला हवं होतं मी. आकडा लेबलापेक्षा एवढा कमी आला तेव्हा खूश होण्याऐवजी शंका यायला हवी होती मला. आणि स्वयंपाकघराला पाणी फेका म्हणून लिहायला हवं होतं. तिन्ही चुका माझ्याच."

"आणि चौथी माझी!"

तिनं हातातली फाईल खाली ठेवली. "तू आत्ता कुठे बोलायला लागलीयस गं," ती म्हणाली. "म्हटलं, हे कळलं तर पुन्हा मान खाली घालशील. कायमची."

मला रडू आलं. खूप. मग मी नाक पुसलं आणि तिचा हात धरून तिला साहेबांच्या खोलीकडे ओढत नेलं.

खोलीत दशांश होते, आचारीणकाकू होत्या, मोठे साहेब होते. स्पर्धेत समोर चारशे जण होते. ही तीन माणसं त्याहून जड होती. तरी मी सगळं सांगितलं. तीन कंपन्या. जे विरघळतं तेवढंच गेलं. आरशासारखे दाणे. काकूंचं दाट पाणी. आणि शेवटी, "ते दाणे मी धुतले. सही मावशीची आहे, पण हात माझे होते."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"आज फोडलेल्या डब्यातला राजमा अजून उरलाय. त्यातला अर्धा दशांशकाका धुतील, अर्धा नुसता निथळतील."

"चाळीस पूर्णांक शून्य मिनिटं लागतील," दशांश म्हणाले आणि जवळजवळ पळतच गेले.

ती चाळीस मिनिटं मी भिंतीला पाठ लावून उभी होते. कुणी मला बसही म्हणालं नाही. दशांश परत आले ते कागद वाचतच.

"निथळलेला तीनशे अकरा. धुतलेला एकशे एक्क्याऐंशी."

मला वाटलं होतं, रहस्य सुटलं की आनंद होतो. कुणालाच झाला नाही. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि आधी आयसीयूत फोन लावला. ड्रायव्हरकाकांच्या पोटात चार दिवसांत किती मीठ गेलं, त्याचा हिशेब आता डॉक्टरांना देता येत होता. मग ते मावशीकडे वळले.

"लाचेचा आरोप मी मागे घेतो. माफीही मागतो. पण दुसऱ्याच्या कामावर स्वतःची सही केलीत, त्याचा लेखी ठपका मिळेल. तक्ता रद्द. पुन्हा करा." आणि मग माझ्याकडे. "तू प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाहीस. पण इथे बोललीस, ते बरं केलंस."

८

ड्रायव्हरकाका सहा दिवसांनी वॉर्डात परत आले. मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. सांगायचं म्हणून गेले होते आणि शब्दच सापडेना. ततपप झालं. शेवटी कसंबसं एका दमात ओकून टाकलं.

त्यांनी उशीला टेकून माझ्याकडे पाहिलं. चेहरा ओढला होता, हातावर सुईचे निळे डाग होते.

"मेलो असतो ना गं मी," ते म्हणाले.

रागानं नाही म्हणाले. वेळ सांगावी तसं म्हणाले. मी मान हलवली.

"बरं. मग आता ते सूप धुवून करतायत?"

"हो. दोनदा धुतात. डब्यातलं पाणी फेकतात."

"तरीच," ते तोंड वाकडं करत म्हणाले. "पाण्यात दाणे पोहायला सोडल्यासारखं लागतं."

मी हसले आणि त्याच क्षणी पुन्हा रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून सुजलेला होता, जड होता.

नव्या तक्त्यात मावशीनं दाण्यांसाठी दोन रकाने केलेत, निथळलेले आणि धुतलेले. धुतलेले दाणे अजूनही जिंकतात, पण का ते आता शेजारी लिहिलंय. जुनी सहा पत्रकं मात्र फाईलमध्ये तशीच ठेवावी लागतात, चूक असली तरी. मी साहेबांना विचारलं, शेवटचा रकाना दुरुस्त करू का. त्यांनी थोडा विचार केला आणि फाईल पुढे सरकवली. मावशीची सही त्यांनी स्वतः एका रेघेनं खोडली आणि शेजारी आद्याक्षरं टाकली.

माझं अक्षर एरवी पानभर पसरतं. त्या रकान्यात जागा जेमतेम बोटभर होती. मी पेन घट्ट धरलं आणि सहाही पत्रकांवर, अगदी बारीक अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं.